नमुना नकाशा आणि जागेची ओळख

सरकारी इमारत लांबूनही ओळखू येते. तालुक्याचे कार्यालय असो, आरोग्य केंद्र असो की कर्मचाऱ्यांची निवासस्थाने, रचना बहुधा ठरलेली असते: मध्ये अरुंद मार्गिका, दोन्ही बाजूंना खोल्या आणि वर काँक्रीटचा सपाट स्लॅब. कोकणच्या पावसात तीच आणि मारवाडच्या उन्हातही तीच. आपल्या अभियंत्यांना वेगळे काही सुचत नाही, असे मला वाटत नाही. दोष मंजुरीच्या पद्धतीत आहे. म्हणूनच हा प्रश्न वास्तुरचनाकारांइतकाच प्रशासकांचाही आहे.

नमुना नकाशाचे फायदे खरे आहेत. अंदाजपत्रक लवकर होते, दरसूचीशी ताळा जमतो, तांत्रिक मान्यता अडत नाही. एका तालुक्याला मोठी इमारत आणि दुसऱ्याला लहान, असा पक्षपातही टळतो. परंतु याची दुसरी बाजू अशी की, नमुन्याप्रमाणे बांधलेली इमारत निरुपयोगी ठरली तरी कोणी जाब विचारत नाही. नमुना सोडून चांगली बांधली तर मात्र लेखापरीक्षणात खुलासा द्यावा लागतो. मग धोका कोण पत्करणार?

नकाशावर उत्तर दिशेचा बाण असतो, पण प्रत्यक्षात इमारतीचे तोंड रस्त्याकडे करतात. मग अभिलेखांची खोली पश्चिमेच्या उन्हात येते आणि दुपारी तिथे बसवत नाही. त्याहून मोठी उणीव माणसांच्या हिशेबात आहे. कार्यालयाचे क्षेत्रफळ मंजूर पदांवरून ठरते. दाखल्यासाठी, सुनावणीसाठी, अनुदानासाठी जे लोक दिवसभर ताटकळतात, ते या हिशेबात कुठेच नसतात. म्हणून उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत अंगणात पत्र्याची शेड उभी राहते. माझ्या मते ही शेड म्हणजे नागरिकांनी मूळ नकाशावर नोंदवलेला आक्षेपच होय.

याची सर्वांत मोठी उदाहरणे पुनर्वसनात सापडतात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे 10 हजार माणसे मेली. दगडमातीच्या जड भिंती व धाबी यांनीच बहुतेकांचे जीव घेतले, त्यामुळे सुरक्षित घरे देण्याचा आग्रह योग्यच होता. 52 गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेनुसार 250, 400 व 750 चौरस फुटांची घरे आखली गेली. काम प्रचंड होते आणि ते पार पडले, याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण जुन्या गावातली अरुंद गल्ली, वाड्याचे बंदिस्त अंगण, भावकीचा शेजार यांच्या जागी सरळ रुंद रस्ते आणि सुटी सुटी घरे आली. पुढे लोकांनी आपल्या सोयीने भिंती घातल्या, खोल्या वाढवल्या. त्यातले बरेच बांधकाम तांत्रिक मार्गदर्शनाशिवाय झाले. म्हणजे ज्या सुरक्षिततेसाठी नकाशा लादला, तिलाच अखेर बाधा आली.

26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर कच्छमध्ये मोठ्या प्रमाणावर वेगळा मार्ग अवलंबला गेला. घर मालकाने बांधावे. शासनाने हप्त्यांनी मदत द्यावी, गवंड्यांना प्रशिक्षण द्यावे आणि पुढचा हप्ता देण्यापूर्वी अभियंत्याने भूकंपरोधक बाबी तपासाव्यात. तिथे सुरक्षिततेचे नियम सर्वांना समान होते, पण स्वयंपाकघर कुठे आणि ओटा केवढा हे राहणाऱ्याने ठरवले. काय समान ठेवावे आणि काय मोकळे सोडावे, याचा विवेक यात आहे.

हे सारे खर्चिक आहे, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. लॉरी बेकर यांनी 1970 च्या दशकात तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राचा परिसर बांधला. तिथे टेकडीचा उतार आणि झाडे सांभाळून इमारती बेतल्या आणि विटांच्या जाळीतून वारा खेळवला. त्यांनी रूढ केलेल्या पोकळ भिंतीच्या रचनेत विटा सुमारे 25 टक्के कमी लागतात. इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना पूर्ण घराऐवजी भूखंड, जोते, पाणी आणि शौचालय देऊन वाढीला वाव ठेवला. या प्रकल्पाला 1995 मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. तो राबवला होता इंदूर विकास प्राधिकरणाने, म्हणजे एका सरकारी यंत्रणेनेच.

नियमांचीही वाण नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत देशाचे पाच हवामान विभाग मानले आहेत. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 2007 मध्ये आली. ग्रामविकास मंत्रालयाने 'पहल' या नावाने निरनिराळ्या राज्यांतील हवामानाला व साहित्याला साजेसे घरांचे नमुने प्रसिद्ध केले. उणीव आहे ती हे ज्ञान फाइलीपर्यंत पोहोचवण्याची. त्यासाठी माझ्या सूचना अशा:

1. प्रशासकीय मान्यतेच्या प्रस्तावासोबत एक पानाचे जागा-टिपण अनिवार्य असावे. त्यात ऊन, वारा, उतार, पाण्याचा निचरा, झाडे आणि स्थानिक साहित्य यांची प्रत्यक्ष पाहणी करून नोंद असावी.

2. दुसरे पान वापरणाऱ्यांचे असावे. किती कर्मचारी, रोज किती नागरिक, त्यांत महिला, वृद्ध व दिव्यांग किती, ते किती वेळ थांबतात?

3. नमुना नकाशात पाया, सांगाडा, अग्निसुरक्षा आणि किमान क्षेत्रफळ बंधनकारक ठेवावे. दिशा, व्हरांडा, छप्पर व अंतर्गत मांडणी या बाबी कारणे नोंदवून बदलता याव्यात. कारण नोंदवलेला बदल हा लेखापरीक्षणात आपोआप दोष ठरू नये.

4. ताबा घेतल्यानंतर एक वर्षाने वापर-पाहणी व्हावी आणि तिचा अहवाल पुढच्या नमुन्यात उतरावा.

स्वेच्छाधिकार वाढला की गैरप्रकार वाढतात, ही शंका रास्त आहे. पण वरील दोन पानांमुळे निर्णयाची कारणे लेखी राहतात आणि कोणीही ती माहितीच्या अधिकारात मागू शकतो. आज नमुना जसाच्या तसा उतरवणाऱ्याला कोणतेच कारण द्यावे लागत नाही. उष्ण भागात त्याने सपाट स्लॅबखाली शाळा का भरवली, हेही त्याला लिहावे लागले पाहिजे. सार्वजनिक पैशाने बांधलेली वास्तू पन्नास वर्षे टिकते; तिच्यासाठी जागेवर अर्धा दिवस आणि फाइलीत दोन पाने, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.