उड्या मारू दे की तिला!

‘मुलीच्या जातीनं एवढ्या उड्या मारू नयेत गं!’ हे वाक्य न ऐकता मोठी झालेली बाई आपल्यात विरळाच. पण हे फक्त आपल्या आज्या-मावश्याच म्हणतात असं समजू नका. बर्फाच्या उंच उतारावरून घसरत येऊन हवेत लांब झेप घ्यायची, असा ‘स्की जंपिंग’ नावाचा खेळ आहे. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये पुरुष तो १९२४ पासून खेळतात. बायकांना परवानगी मिळाली २०१४ मध्ये. म्हणजे तब्बल नव्वद वर्षांनी! वैद्यकीयदृष्ट्या हा खेळ बायकांसाठी योग्य वाटत नाही, असं आंतरराष्ट्रीय स्की संघटनेचे अध्यक्ष २००५ मध्ये म्हणाले होते. जपानची सारा ताकानाशी त्या पहिल्याच स्पर्धेत सतराव्या वर्षी उतरली. तिचं पदक हुकलं, चौथी आली. पण २०१८ मध्ये तिनं कांस्य मिळवलंच.

आपल्याकडे बर्फ नाही, पण उड्या आहेत. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातलं मोही हे ललिता बाबरचं गाव. घर शेतकऱ्याचं. तिचा खेळ ३००० मीटर स्टीपलचेस. पळता पळता अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा. ही शर्यतही बायकांसाठी ऑलिम्पिकमध्ये आली ती थेट २००८ साली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तीनदा पहिली आलेली ललिता या अडथळ्यांकडे वळली. २०१४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्य, २०१५ च्या आशियाई अजिंक्यपदात सुवर्ण. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठून ती दहावी आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत पी. टी. उषानंतर, म्हणजे बत्तीस वर्षांनी, एक भारतीय मुलगी तिथवर पोचली होती.

आता आपल्या घरात डोकावू या. संभाजीनगरात गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल आहे, विद्यापीठ परिसरात ‘साई’चं केंद्र आहे. तालुक्याच्या गावी निदान शाळेचं मैदान तरी असतंच. पण मुलगी नववीत गेली की तिला मैदानावरून घरी कोण बोलावतं? बहुतेक वेळा आपणच. क्लास बुडतो, उन्हानं रंग काळवंडतो, पाळी सुरू झाली, अर्धी चड्डी बरी दिसत नाही. हे अडथळे ललिताच्या अडथळ्यांपेक्षा उंच आहेत, आणि ते उभे करणारे हात आपलेच आहेत.

अंधार पडल्यावर मुलगी एकटी कशी येणार, ही काळजी मात्र खरी आहे. त्यावर मैदान बंद करणं हा उपाय नव्हे. गल्लीतल्या चार आयांनी पाळीपाळीनं मुलींना आणायला जावं. पालक सभेत मार्कांसोबत खेळाच्या तासाचीही चौकशी करावी. तो तास गणिताला दिला जात असेल तर ठणकावून विचारावं.

आणि मैत्रिणींनो, ‘खेळून पदक मिळणार आहे का?’ हा प्रश्न सोडून द्या. सगळ्याच ललिता होणार नाहीत. पण आपलं शरीर झाकून, आवरून ठेवायची वस्तू नाही, त्यात ताकद आहे, हे ज्या मुलीला मैदानावर कळतं ती पुढे कुणापुढे सहजासहजी दबत नाही. पोरीला एवढं मिळालं, तरी पुष्कळ झालं.