तासा-दीड तासांत घरचे बनपाव

आमच्या सासूबाईंनीं वयाच्या ८२ व्या वर्षापर्यंत पावाला हात लावला नव्हता. विहिरींत पाव टाकून पोर्तुगीजांनीं गांवेंच्या गांवें बाटविल्याची गोष्ट त्यांनीं आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेली. त्यांतून गोव्याकडे पाव फुगविण्यास माडाची सूर घालीत, हेंही त्यांच्या कानांवर होतें. 'पाव' हा शब्दच मुळीं पोर्तुगीज! मुलें-नातवंडें बाजारचा पाव खुशाल खात. त्या कोणास अडवीत नसत, पण आपलें पान मात्र वेगळें मांडून घेत. गेल्या वर्षीं त्यांचे उरलेसुरले दांत गेले, भाकरी चावेना, दूधपोळीचा वीट आला. तेव्हां घरींच पाव करून पाहावा, असें माझ्या मनानें घेतलें.

पावाचें सारें मर्म आंबविण्यांत आहे, आणि आंबविणें आपल्या घरांना कांहीं नवें नाहीं. आंबोळी व जिलबी यांचा जीवही त्यांतच आहे. हें आंबणें सजीव सूक्ष्म जंतूंमुळें घडतें, हें लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५७ सालापासून केलेल्या प्रयोगांनीं दाखवून दिलें. यीस्ट हा बुरशीच्या कुळांतील असाच एक जीव होय. तो पिठांतील साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायु सोडतो. मळल्यामुळें मैद्यांत जें चिवट जाळें बनतें त्यांत हा वायु अडकतो व पीठ फुगतें. किंचित् मद्यार्कही उत्पन्न होतो. पण तो भट्टीच्या आंचेनें बहुतेक उडून जातो. सासूबाईंनीं विचारलें तेव्हां मीं यांतलें कांहींही लपविलें नाहीं.

एरवीं पावाचें पीठ दोनदां फुगवितात व त्यांत अर्धा दिवस जातो. येथें यीस्ट थोडें अधिक घालून व दूध कोमट घेऊन एका फुगविण्यावरच काम भागविलें आहे. सावकाश आंबलेल्या पावाची चव यास येत नाहीं, व तो लवकर शिळाही होतो. म्हणून केल्या दिवशींच संपवावा. एकत्र कुटुंबांत तें अवघड नाहीं!

साहित्य : मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट सपाट ३ चहाचे चमचे, साखर ३० ग्रॅम, मीठ दीड चहाचा चमचा, कोमट दूध ३०० मिलिलिटर, लोणी ४० ग्रॅम.

कृति : मैद्यांत साखर, मीठ व यीस्ट मिसळावें. दूध घालून गोळा करावा; कोरडा वाटल्यास एक-दोन चमचे पाणी घालावें. मग लोणी घालून १० मिनिटें चांगलें मळावें. प्रथम पीठ हाताला चिकटेल. पण मैदा वाढवूं नये, मळतां मळतां तें मऊ व तुकतुकीत होतें. १५ मिनिटें झांकून ठेवावें. नंतर सारख्या आकाराचे १२ गोळे वळून, तूप लावलेल्या तबकांत दोन-दोन बोटांच्या अंतरानें मांडावे व ओलसर फडक्यानें झांकावे. अर्ध्या तासांत ते जवळजवळ दुप्पट होतात. वरून दुधाचा हात फिरवून, आधीं तापवून ठेवलेल्या ओव्हनमध्यें २०० अंश सेल्सिअसवर १५ ते १८ मिनिटें भाजावे. तळाशीं टिचकी मारतां पोकळ आवाज आला म्हणजे पाव झाला. लगेच लोणी फिरवून जाळीवर निववावे.

दूध मात्र सांभाळावें. पहिल्या खेपेस मीं चहाच्या दुधाइतकें कढत दूध ओतलें. साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरतें, तें मेलें; आणि पाव असे झाले कीं, नातवानें ते चेंडू म्हणून अंगणांत नेले. बोट बुडवितां सुखद ऊब लागेल, इतपतच दूध तापवावें.

घरच्या पावाचा हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. पाव कोणाच्या हातचा, हा आपल्या घरांतला जुना प्रश्न आतां मागें पडला आहे, आणि तो पडावा हेंच योग्य. परंतु पावांत घातलें काय, हा प्रश्न उरतोच. पीठ सुधारण्यासाठीं बेकरींत वापरलें जाणारें पोटॅशियम ब्रोमेट आपल्या देशांत २०१६ सालीं बंद करण्यांत आलें. तोंवर तें किती घरांच्या न्याहारींत आलें असेल, कोण सांगणार? घरच्या पावांत काय आहे, हें घरांतल्या लहान मुलासही सांगतां येतें.

दुसऱ्या खेपेचे पाव चांगले झाले. सासूबाईंनीं त्यांतला अर्धा दुधांत कुस्करून घेतला व बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मीठ जरा कमी घाल. आणि चतुर्थीला मात्र हें नको हो." तेव्हांपासून बारांतले दोन पाव त्यांच्यासाठीं आधींच झांकून ठेवावे लागतात.