परीक्षेआधीची झोप मोडू नका

एप्रिल उजाडला की कोलाडच्या घराघरांत पाढे आणि उजळणी सुरू होते. पाचवीतल्या मुलांच्या घरी धाकधूक अधिक. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलले आणि पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा निर्णायक ठरली. नापास झाल्यास फेरपरीक्षा. तिथेही अपयश आले तर पुन्हा तोच वर्ग.

या भीतीपोटी मुलांना रात्री उशिरापर्यंत वाचायला बसवले जाते. नुकसान नेमके इथेच होते. दिवसा शिकलेले मेंदू झोपेत पक्के करतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी. शिवाय तोच धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवलेले अधिक दिवस टिकते, हे अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवरील प्रयोगांतून दाखवले.

त्यासाठी आईवडील फार शिकलेले असावे लागत नाहीत. शेतावरून किंवा धाटावच्या कारखान्यातून आल्यावर ‘आज काय वाचलंस, मला सांग’ एवढे विचारावे, दहा मिनिटे ऐकावे आणि नऊच्या आत दिवा मालवावा. फेरपरीक्षेची संधी नियमानेच दिली आहे. गमावलेली झोप मात्र परीक्षेच्या सकाळी भरून निघत नाही.