संशोधनाचा दाखला आणि निष्कर्षाची घाई

पडद्यावरील हिंसाचार पाहून मुले हिंसक होतात, हे मत आता ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ अशी पुस्ती जोडूनच मांडले जाते. ही पुस्ती कितपत ग्राह्य मानावी, हे ठरवायचे तर संशोधकांनी नेमके मोजले काय, हे आधी विचारले पाहिजे.

स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६१ साली आल्बर्ट बांडुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७२ बालकांवर केलेला प्रयोग विख्यात आहे. मोठ्या माणसाला हवा भरलेला बाहुला बदडताना पाहिलेल्या मुलांनी त्याचे अनुकरण केले. १९६३ साली हेच दृश्य चित्रफितीतून दाखवूनही तसेच आढळले. परंतु ठोसा खाऊन पुन्हा उभ्या राहणाऱ्या बाहुल्याला मारणे आणि वर्गातील सोबत्याला मारणे या एकच गोष्टी नव्हेत. अनुकरण सिद्ध झाले, क्रौर्य नव्हे.

पुढे प्रतिस्पर्ध्याला कर्कश आवाज ऐकविण्याची चाचणी रूढ झाली. आक्रमकता आवाजाच्या तीव्रतेवरून ठरवावी, कालावधीवरून, की दोहोंच्या गुणाकारावरून? या एका चाचणीचे गुण काढण्याच्या दीडशेहून अधिक रीती शोधनिबंधांत वापरल्या गेल्याचे माल्टे एल्सन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. माप घेऊन झाल्यावर जिच्या खुणा आखता येतात, त्या फूटपट्टीवर भरवसा कसा ठेवावा?

म्हणूनच ऑक्सफर्डच्या संशोधकांचा २०१९ सालचा अभ्यास महत्त्वाचा. त्यांनी विश्लेषणाची पद्धत आधीच जाहीर केली. ब्रिटनमधील १४-१५ वर्षांच्या सुमारे एक हजार मुलांच्या पालकांनाही त्यांच्या वर्तनाविषयी विचारले. हिंसक खेळ आणि आक्रमकता यांचा संबंध आढळला नाही. अर्थात, एका वेळच्या पाहणीने वादाचा कायमचा निकाल लागत नाही, हेही तितकेच खरे. आपल्याला रुचणाऱ्या निष्कर्षालाही तोच निकष लावला पाहिजे.

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० साली घेतलेली भूमिका या दृष्टीने उद्बोधक आहे. हिंसक खेळांचा ओरडणे, ढकलणे यांसारख्या वर्तनाशी अल्पसा संबंध दिसतो. परंतु हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडण्यास पुरेसा पुरावा नाही, असे तिने म्हटले.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हे. खेळाला गुन्हेगार ठरविले की मुलाच्या पाठीवरचे वळ कोणी उठविले, हे विचारण्याचे कष्ट वाचतात. शिक्षकांना आणि पालकांना ही सवलत परवडणारी नाही.