आधी खालचं बघा, मग वरचा मजला

तालुक्याच्या गावांत गच्चीवर कॉलमच्या सळ्या उघड्या ठेवलेली घरं पावलोपावली दिसतात. मुलांची लग्नं झाली की वरचा मजला चढवायचा, हा त्यामागचा बेत. दहा-पंधरा पावसाळे खाऊन गंजलेल्या सळ्यांवर पुढचं बांधकाम करावं का, हे इंजिनिअरने ठरवावं; माझा आक्षेप बेतावरच आहे. कुटुंब वाढलं की पहिली अडचण खाली होते आणि पैसा मात्र वर जातो. दहा फुटांचा मजला चढायला सतरा-अठरा पायऱ्या लागतात, म्हणजे वर तरुण जोडपं राहणार आणि आईवडील खालीच. पण खाली त्यांच्यासाठी काय असतं? मोठा हॉल, आणि रात्री उठून जायचं ते मागच्या दारचं न्हाणीघर, तेही उंबरा ओलांडून. 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं 8.6 टक्के होती आणि हे प्रमाण वाढतंच आहे. म्हणून वाढीव बांधकामाचा पहिला रुपया तळमजल्यावरच्या एका खोलीवर पडावा: लागूनच संडास-बाथरूम, तीन फुटी दार, उंबरा नाही, भिंतीला धरायला दांडी. आजारपणात आणि बाळंतपणातही तीच खोली उपयोगी पडते. जुन्या वाड्यांत बाळंतिणीची खोली वेगळी असायची. ती कोंदट आणि अंधारी असे हा भाग सोडा, पण तिची गरज आधीच ओळखलेली होती. उताराचंही तसंच. जोतं दीड फूट उंच असेल तर बाराला एक या चढाने अठरा फुटांचा उतार लागतो. व्हीलचेअर दारात आल्यावर तो आठवला तर अंगणात तेवढी जागा उरलेली नसते.

जागाच नाही, असं कुणी म्हणेल. गुंठाभर प्लॉटवर सामासिक अंतर सोडल्यावर खरंच काही उरत नाही. मग हॉल कापावा. बारा बाय वीसचा हॉल पाहुण्यांनी वर्षातून किती वेळा भरतो? भिंती दगड-मातीच्या असतील तर वर चढवण्याचा प्रश्न आणखी बिकट. अशा भिंतींवर जड माळवदाचा भार म्हणजे काय, हे 1993 साली किल्लारीच्या भूकंपाने दाखवलं आहे. दुसरी हरकत जास्त नाजूक आहे. वर ओटा आणि सिंक केलं की चूल वेगळी झाली, घर फुटलं, असं लोक म्हणणार. म्हणोत. सकाळी सातला एकाच ओट्यापाशी डबे, दूध आणि पथ्याचं जेवण यांची जी रेटारेटी होते, ती बहुतेक वेळा सुनेच्याच वाट्याला येते. वरच्या छोट्या ओट्याने ती कमी होते आणि रात्रीची पंगत खाली एकत्र बसू शकते. घर तोडतो तो खरं तर जिना. भाडेकरू ठेवता यावा म्हणून तो बाहेरून, मागच्या बाजूला काढला की वरची माणसं कधी आली, कधी गेली, याचा खाली पत्ता लागत नाही. तोच पडवीतून, म्हाताऱ्यांच्या खिडकीसमोरून चढवावा. वर हवं तर स्वतंत्र दार असू द्या.