डोळे खोल गेले?

भगिनींनो, आषाढातली भातलावणी उरकून मेढ्याच्या बाजाराला गेलात की कुणीतरी ओळखीची बाई तोंडाकडे बघून म्हणतेच, "अगं, डोळं किती खोल गेल्यात तुझं!" आपण म्हणतो, "लावणी झाली न्हवं!" आणि पिशवी उचलून पुढे निघतो. पण हे बोलणे हसण्यावारी नेऊ नका.

डोळा हाडाच्या खोबणीत चरबीच्या मऊ गादीवर बसलेला असतो. पापणीची कातडी तर साऱ्या अंगात पातळ. म्हणून वजन घटून डोळ्यांभोवतीची चरबी झडली की तिथे खाच पडते, आणि खाचेच्या सावलीने डोळ्यांखाली काळे दिसते. वय वाढले की काहींची हीच चरबी पुढे येऊन पिशव्या लोंबतात. ते वयाचे आणि घराण्याचे देणे. झडलेली चरबी कोणत्याही मलमाने भरून येत नाही, चोळल्याने तर मुळीच नाही.

लावणीत काम दुप्पट होते आणि जेवण निम्मे. सगळ्यांची ताटे वाढून उरेल ते आपले. भूक मारायला चहा आणि मिश्री. मिश्री म्हणजे तंबाखूच.  तेव्हा घरच्यांबरोबरच पानावर बसा. नाचणीच्या भाकरीशी हुलग्याचे पिठले, शेंगदाण्याची चटणी, जमेल तेव्हा अंडे घ्या. पुरती झोप घ्या. वजन परत आले की चेहराही बराचसा भरतो.

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले असेल, तर आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. कडक उपास करून झपाट्याने उतरवलेत, तर तोंड ओढल्यासारखे दिसते.

मात्र पोटभर खाऊनही वजन घटत असेल, 50 किलोच्या बाईचे 6 महिन्यांत अडीच किलो उतरले असेल, तर सरकारी दवाखाना गाठा. मधुमेह, क्षय किंवा गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा विकार असू शकतो. खोकला 2 आठवड्यांहून अधिक टिकला, तर थुंकी तपासून घ्या. रोज सकाळी डोळे सुजत असतील, पायही सुजत असतील, तर लघवी तपासा. आणि जुलाब होणाऱ्या लेकराचे डोळे खोल गेले, तर ते चरबीचे नव्हे, अंगातले पाणी आटल्याचे लक्षण. जलसंजीवनी पाजत पाजतच त्याला डॉक्टरांकडे न्या.

पुढच्या बाजाराला कुणी पुन्हा तेच म्हणाली, तर लावणीवर ढकलू नका. आधी वजनकाट्यावर उभ्या राहा.