तीन हजार कोसांची वाट

वाचकभगिनींनो, या सदरात आजवर आपण नाटके, चित्रपट आणि क्वचित एखाद्या मैफलीविषयी बोललो. यंदा मात्र मी ज्या विषयाकडे वळणार आहे, तो पाहून काही जणींना हसू येईल. वयाची पासष्टी उलटलेली बाई जपानी कार्टूनांविषयी काय लिहिणार! तरीही लिहिते, कारण गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरातील तिन्हीसांज या चित्रमालिकांनी व्यापलेली आहे. देवापुढे सांजवात झाली, की माझी आठ वर्षांची नात माझा हात धरून संगणकापुढे बसवते, आणि रोज दोन भाग पाहिल्याखेरीज पानावर येत नाही.

तिची आई, म्हणजे माझी लेक, गेल्या जूनमध्ये दोन वर्षांच्या करारावर फ्रँकफुर्टच्या एका इस्पितळात परिचारिका म्हणून गेली. जावयांची फिरतीची नोकरी. तेव्हा नात इंदुरास माझ्यापाशी आहे. पुढील मजकुराचा या गोष्टीशी संबंध आहे, म्हणून आरंभीच सांगून टाकले.

जपानी चित्रमालिका आपल्या घरांना अगदीच अपरिचित आहेत असे नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी लागणारी मोगलीची मालिका आठवते ना? गुलजारांचे शीर्षकगीत, विशाल भारद्वाजांचे संगीत आणि शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज. ती मालिका १९८९ ची, ५२ भागांची आणि अस्सल जपानी बनावटीची होती, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हते. किपलिंगच्या कथेतील सिवनी आपल्याच प्रांतातली, त्यामुळे हे सारे आपलेच असे आम्ही धरून चाललो. माझी लेक त्या वेळी आठ वर्षांची होती. तिने जाण्यापूर्वी मुलीसाठी ज्या मालिका निवडून ठेवल्या, त्या मात्र मोगलीहूनही जुन्या, १९७० च्या दशकातल्या.

पहिली ‘हायडी’. १९७४ च्या जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत दर रविवारी जपानात तिचे ५२ भाग दाखवले गेले. योहाना स्पिरी या स्विस लेखिकेची मूळ कादंबरी एकोणिसाव्या शतकातली. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. प्रत्येक दृश्याची मांडणी रेखाटणारे गृहस्थ हायाओ मियाझाकी, जे पुढे जगप्रसिद्ध झाले. काम सुरू करण्यापूर्वी, १९७३ साली, ही मंडळी स्वित्झर्लंडला जाऊन तेथील डोंगर, गवत आणि घरे डोळ्यांखालून घालून आली. आजच्या काळात यात नवल वाटणार नाही, परंतु मुलांच्या मालिकेसाठी त्या दिवसांत एवढा खटाटोप कोण करीत असे?

मालिकेत घडते तरी काय? पोरकी हायडी डोंगरावर एकट्या राहणाऱ्या तुसड्या आजोबांकडे येते. मावशीने सामान वाहावे लागू नये म्हणून सगळे कपडे तिच्या अंगावरच एकावर एक चढवलेले. उन्हात चढण चढताना ती मुलगी एकेक कपडा काढून टाकते आणि शेवटी केवळ आतल्या कपड्यांनिशी शेळ्यांमागे धावत सुटते. पहिल्याच भागातील या प्रसंगाने माझ्या नातीला जिंकले. आणि ते चीज! आजोबा सळईवर चीजचा तुकडा लावून विस्तवावर धरतात, तो हळूहळू वितळतो आणि पावावर ओघळतो. दुसऱ्याच दिवशी आमच्या गॅसवर तो प्रयोग झाला. तवा घासायला मला अर्धा तास लागला, हे जाता जाता नमूद करते.

माझ्या मते या मालिकेचे बळ तिच्या संथपणात आहे. दूरचित्रवाणीच्या मालिकांत खर्च वाचवण्यासाठी सेकंदाला चोवीस चित्रांऐवजी आठच काढायची, असा तेथील प्रघात, १९६३ च्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’पासून रुळलेला. एवढ्या तुटपुंज्या साधनांनिशी ताकाहातांनी काय दाखवायचे ठरवले, तर गवताचा बिछाना घालणे, दूध काढणे, वाऱ्याने झाडांचा होणारा आवाज. लढाई नाही, खलपुरुष नाही. मूळ कादंबरीत पीटर मत्सराने क्लाराची चाकांची खुर्ची उतारावरून ढकलून देतो. तो प्रसंग मालिकेने गाळला आहे. धर्मोपदेशही पुष्कळ कमी केला आहे. रोटेनमायर बाईंचे चित्र तेवढे फार भडक झाले आहे, आणि फ्रँकफुर्टचे भाग जरा लांबले आहेत.

फ्रँकफुर्ट! हे गाव कथेत येताच माझ्या शेजारी बसलेली मूर्ती ताठ झाली. डोंगर दिसावेत म्हणून हायडी चर्चच्या मनोऱ्यावर चढते आणि तिला चहूकडे नुसती छपरेच दिसतात. त्या रात्री फोनवर आमच्याकडून पहिला प्रश्न गेला, “आई, तुला डोंगर दिसतात का गं?” लेकीने खिडकीबाहेर पाहिले असावे. जरा वेळाने ती म्हणाली, “आभाळ स्वच्छ असलं की लांबवर दिसतात, बाळा.” खरे-खोटे तिलाच ठाऊक.

दुसरी मालिका ‘आईच्या शोधात तीन हजार री’, १९७६ ची, हीही ५२ भागांची आणि ताकाहातांचीच. ‘री’ हे जुने जपानी अंतरमान, सुमारे चार किलोमीटरांचे; आपल्या कोसाहून काहीसे लांब. इटालियन लेखक एद्मोंदो दे आमिचीस यांच्या १८८६ च्या पुस्तकातील एका छोट्या कथेवरून ही रचली आहे. जिनोव्हा बंदरातील मार्को नऊ वर्षांचा. मूळ कथेत तो तेरा वर्षांचा आहे. वय उतरवल्याने सगळेच अधिक अवघड झाले आहे. वडील गरिबांसाठी दवाखाना चालवून कर्जात बुडालेले. ते फेडण्यासाठी आई अर्जेंटिनात मोलकरीण म्हणून जाते. त्या काळी इटलीतून अशी लाखो माणसे अर्जेंटिनाकडे गेली. पुढे आईची पत्रे येईनाशी होतात आणि पोर तिच्या शोधात निघते.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगते. या मालिकांचे संवाद जपानी, खाली इंग्रजी अक्षरे. ती मी मराठीत वाचून दाखवायची, असा आमचा करार होता. पहिल्याच भागात आई जाणार ही गोष्ट घरातील सर्वांना ठाऊक आहे, पण मार्कोला सांगण्याचा धीर कोणालाच होत नाही. अखेर बोट सुटते आणि तो धक्क्यावरून धावत सुटतो. माझ्या घशाशी आवंढा आला. आम्हीही याहून वेगळे काय केले होते? पासपोर्ट, भाषेची परीक्षा, विमानाचे तिकीट, सारे झाल्यावर जेमतेम आठ दिवस आधी नातीला सांगितले. तेव्हा मी वाचताना सरळ बदल केला. मार्कोची आई म्हणते आहे, ‘महिन्याभरात परत येते,’ असे ठोकून दिले.

नात इंग्रजी शाळेतली. तिने पडद्यावरची नजर न काढता म्हटले, “आजी, तिथं असं लिहिलेलं नाहीये.” थोड्या वेळाने पुढे म्हणाली, “तुम्ही सगळे असंच करता.”

मी उत्तर दिले नाही, देण्यासारखे नव्हतेच. त्या दिवसापासून करार बदलला. ती स्वतः अक्षरे वाचते, अडले तर मला विचारते, आणि मी काही चुकवले तर तत्काळ टोकते. मार्को बापावर रागावून जे बोलतो, ते तर ती मोठ्याने वाचते. मी ऐकून घेते.

मालिका म्हणून पाहता मार्को हायडीहून श्रेष्ठ ठरतो, असे माझे मत झाले आहे. या मुलाला लाडके करून दाखवण्याचा मोह ताकाहातांनी आवरला आहे. तो हट्टी आहे, रुसतो, बाटल्या धुऊन चार पैसे मिळवतो आणि त्याचा तोरा मिरवतो. बरोबरचे माकड मात्र मला असह्य झाले, नातीला नव्हे. कोर्दोबाच्या भागात पाब्लो नावाच्या दरिद्री मुलाची धाकटी बहीण आजारी पडते, तेव्हा मार्को आगगाडीच्या तिकिटासाठी राखलेले पैसे वैद्यासाठी देऊन टाकतो. ते पाहून नात कितीतरी वेळ अस्वस्थ होती. “बरोबर केलं त्यानं,” ती म्हणाली, “पण मग आता आईकडे कसा जाणार?” शेवट मी येथे सांगत नाही.

तिसरी, १९७९ ची, ५० भागांची ‘अ‍ॅन’, आम्ही नुकतीच आरंभली आहे. मॉन्टगोमेरीबाईंच्या कादंबरीशी ती फारच इमानी दिसते. मॅथ्यू चकित होतो आणि मॅरिला चकित होते, ही प्रकरणांची नावेदेखील तशीच ठेवली आहेत. मुलींना अ‍ॅन आवडेल, पण माझे लक्ष मॅरिलाकडेच जाते. नको असताना घरात आलेल्या पोरीला कसे वागवावे, हे न कळणारी ती बाई मला परकी वाटत नाही.

ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी हायडीपासून आरंभ करावा; पाच वर्षांचे मूलही रमते. मार्को आठाच्या आत दाखवू नये, आणि दाखवला तर शेजारी बसावे. धावपळीची आवड असलेल्या मुलांसाठी मियाझाकींनी १९७८ साली केलेली ‘कोनान’ आहे, २६ भागांचीच. तिच्याविषयी पुढील अंकी.

परवा मार्को संपल्यावर नातीने भिंतीवरचा नकाशा काढून जमिनीवर पसरला आणि फोनवर आईला अंतर विचारले. इंदूर ते फ्रँकफुर्ट सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. चाराने भागून तिने वहीत लिहिले: सोळाशे री. मग मार्कोच्या तीन हजारांशी ताळा केला आणि फोनमध्ये म्हणाली, “आई, हे तर निम्म्याहून थोडंच जास्त आहे.”